जाड साल, कमजोर भिंत: काटोलच्या संत्राबागेतले बोरॉनचे प्रकरण

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात सप्टेंबर लागला की आंबिया बहाराच्या (फेब्रुवारीत फुलणाऱ्या) संत्राबागांतून तक्रारी सुरू होतात. फळे तडकतात, गळतात, आणि झाडावर टिकलेल्यांपैकी काही इतकी टणक निघतात की व्यापारी ती बाजूला काढून ठेवतो. इथे मांडलेली बाग प्रातिनिधिक आहे. या भागातल्या जमिनीत आणि झाडांवर वारंवार दिसणाऱ्या खुणा एका बागेत आणून निदानाचा व उपचाराचा पूर्ण क्रम दाखवला आहे, आणि आकडेही त्याच हिशेबाने उदाहरणादाखल घेतले आहेत.

बाग तीन एकरांची. जंबेरी लिंबाच्या खुंटावरची नागपुरी संत्र्याची कलमे, वय बारा वर्षे, अंतर ६ बाय ६ मीटर, झाडे सुमारे ३३०. विहिरीचे पाणी, ठिबकच्या दोन नळ्या. जमीन उताराची आहे: खालचा मोठा भाग भारी काळा, तर वरच्या कोपऱ्यातल्या ७० झाडांच्या पट्ट्यात माती हलकी, राखट आणि एक-सव्वा फुटावर चुनखडीचे खडे. बहार आंबिया, म्हणजे फूल यावे म्हणून डिसेंबरात पाणी तोडून ताण, जानेवारीच्या मध्यावर ताण मोडणे, फेब्रुवारीत फूल.

तक्रार दोन तोंडांची होती. एप्रिल-मेमध्ये वाटाण्यापासून बोराएवढी होईपर्यंत फळगळ झाली, आणि सप्टेंबरात तडकणे व टणक फळे. मधल्या काळात बागेला काय काय दिले गेले याची यादी मोठी आहे. फळगळीसाठी जिब्रेलिक ॲसिड हे वाढीचे संप्रेरक आणि युरिया, बुरशी समजून दोन बुरशीनाशके, साल मजबूत व्हावी म्हणून कॅल्शियम नायट्रेटच्या तीन फवारण्या, आणि 'सगळेच मिळावे' म्हणून ग्रेड-२ या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तयार मिश्रणाच्या दोन फवारण्या. शेवटच्या नोंदीमुळे बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या कमतरतेचा संशय कुणाला आलाच नाही. डब्यावर बोरॉन लिहिलेले होते, म्हणजे ते दिले गेले, असा समज.

फळ कापल्यावर काय दिसले

बागेत फिरताना सगळी खराब फळे एकाच ढिगात टाकली तर निदान चुकते. म्हणून आधी वरच्या पट्ट्यातली वीस आणि खालच्या भागातली वीस फळे वेगवेगळ्या पाट्यांत घेतली आणि मगच सुरी लावली.

वरच्या पट्ट्यातले फळ लहान, थोडे वेडेवाकडे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, देठाकडून अंगठा घातला की सुटते. या फळात अंगठा जातच नाही. आडवे कापले तर पिवळ्या-हिरव्या सालीखालचा पांढरा थर नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड, आणि त्यात मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके. सुरीचे टोक टोचून उचलले की ठिपक्यातून तार येते. तो डिंक आहे. मधल्या दांड्याभोवतीही तोच डिंक. फोडी आक्रसलेल्या, रस कमी, बिया चपट्या आणि तपकिरी. नखाने फोडली तर आत गर नाही.

याच झाडांची पक्व पाने जाड आणि ठिसूळ होती. मधोमध मुडपली की वाकत नाहीत, कडकन मोडतात. पानाची मुख्य शीर वरच्या बाजूने उठून आलेली, पिवळसर, आणि दहापट भिंगाखाली तिच्यावर लांबट चिरा व त्यात बुचाचा तपकिरी थर. नवतीची (नव्या फुटीची) टोके वाळलेली, त्यांच्याखाली एकाच पेरातून चार-पाच फुटवे.

खालच्या भागातले तडकलेले फळ याच्या अगदी उलट निघाले. साल पातळ, चीर फळाच्या बुडाकडून वर गेलेली, पांढरा थर स्वच्छ, डिंक नाही, बिया भरलेल्या, रस भरपूर. पाने मऊ, शिरा सपाट.

म्हणजे एका बागेत दोन दुखणी होती. खालच्या भागातले तडकणे पाण्याचे होते: ऑगस्टमध्ये पावसाने दिलेली उघडीप, माती सुकलेली, साल ताठरलेली, आणि सप्टेंबरच्या एका जोरदार पावसानंतर आतला गर फुगून साल फाटली. त्यात बोरॉनचा हात नाही. बोरॉनचे प्रकरण वरच्या ७० झाडांचे. हा फरक आधी न केल्यास पुढे तीन एकरांवर बोरॉन पडते आणि खालच्या झाडांना ते नको असते.

आधी बाकीचे संशयित बाजूला

शिरा बुचासारख्या होणे हे ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगातही दिसते, आणि वेडीवाकडी फळे व वाया गेलेल्या बियाही. त्यामुळे हा संशय फेडल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे. ग्रीनिंगमध्ये पानावरचे पिवळे डाग शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतात. एका अर्ध्या पानावर डाग तर दुसऱ्या अर्ध्यावर हिरवे. झाडाची एखादीच फांदी आधी पिवळी पडते, आणि रोगी झाडे रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड जशी फिरेल तशी बागेत विखुरलेली असतात. इथे खुणा पानाच्या दोन्ही अंगांना सारख्या होत्या आणि झाडे मातीच्या पट्ट्याप्रमाणे सलग. तरीही चार झाडांची पाने रोगजंतूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला पाठवली. ती निर्दोष आली. हा खर्च वाचवू नये. ग्रीनिंगला बोरॉन समजून वर्ष घालवले तर तेवढ्यात रोग शेजारच्या बागेत जातो.

बुंध्यावरचा डिंक, म्हणजे फायटोफ्थोरा बुरशीचा डिंक्या रोग, तपासला. साल खरवडून पाहिली, कुज नव्हती. तांब्याच्या कमतरतेतही डिंक येतो, पण त्यात कोवळ्या फांदीच्या सालीखाली डिंकाचे फुगे येतात, फळाच्या सालीवर बाहेरून लालसर-तपकिरी खपल्या दिसतात, फांद्या लांब, मऊ आणि वाकलेल्या असतात. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण आणि बोर्डो पेस्ट नियमित वापरणाऱ्या विदर्भातल्या बागांत तांबे कमी पडणे दुर्मीळच.

राहिला कॅल्शियम. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची कमतरता शोधणे हे विहिरीच्या काठावर तहान शोधण्यासारखे आहे. पानातले कॅल्शियम दोन्ही भागांत ३ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे पुरेसे. साल कमजोर म्हटली की हात कॅल्शियमकडे जातो, कारण भिंत मजबूत करणारे मूलद्रव्य म्हणून तेवढेच नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ते अर्धे खरे आहे.

भित्तिकेत नेमके काय बिघडते

वाढत्या पेशीभोवतीची कोवळी भित्तिका, म्हणजे पेशीची भिंत, तीन गोष्टींनी बनते. सेल्युलोजचे धागे ताण सोसतात, हेमिसेल्युलोज त्या धाग्यांना जोडून असते, आणि या सगळ्यातली जागा पेक्टिनचा ओला, लवचीक थर भरतो. संत्र्यासारख्या द्विदल झाडांत कोवळ्या भित्तिकेचा साधारण एक तृतीयांश भाग पेक्टिनच असतो, आणि सालीचा पांढरा थर तर पेक्टिनने इतका समृद्ध असतो की कारखान्यात पेक्टिन त्यातूनच काढतात. बोरॉन कमी पडला की पहिला घाव इथे का बसतो, ते यावरून कळते.

पेक्टिनच्या साखळ्या दोन जागी एकमेकींना बांधल्या जातात. सरळ साखळ्यांच्या मध्ये कॅल्शियम बसतो. दुसरी जागा रॅम्नोगॅलॅक्ट्युरोनन-दोन नावाच्या गुंतागुंतीच्या तुकड्याची. भित्तिकेत त्याचे प्रमाण फार थोडे, एक ते चार टक्के. या तुकड्याच्या एका बाजूच्या फांदीवर अपिओज नावाची साखर असते. समोरासमोर आलेल्या दोन तुकड्यांच्या अपिओज साखरांना बोरॉनचा एक अणू पकडतो आणि दोन साखळ्या जोडल्या जातात. निरोगी भित्तिकेत हे तुकडे बहुतेक सगळे असे जोडीनेच आढळतात. कॅल्शियम हीच जोडी स्थिर ठेवायला मदत करतो, पण बोरॉनची जागा घेऊ शकत नाही. म्हणून कॅल्शियम नायट्रेटच्या तीन फवारण्यांनी या झाडांवर काही फरक पडला नाही.

बोरॉन वनस्पतींना लागतोच, हे १९२३ साली कॅथरीन वॉरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये बाकल्याच्या झाडांवर दाखवले. तो भित्तिकेत नेमका कुठे बसतो हे कळायला मात्र १९९६ साल उजाडावे लागले. पुढे २००१ साली ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपाच्या एका खुज्या वाणाने ही गोष्ट पक्की केली. त्या वाणात याच तुकड्यातली एक साखर बदललेली असते, त्यामुळे बोरॉनची जोडी नीट जमत नाही आणि झाड बुटके राहते. त्याला जादा बोरॉन दिला तर जोड्या जमतात आणि वाढ सुधारते. म्हणजे झाडाचे खुजेपण त्या एका सांध्यात होते.

सांधा न जमल्यास भित्तिका पातळ होईल असे वाटते, पण होते उलटेच. पेशी पेक्टिन बनवतच राहते, ते बांधले जात नाही, पाणी पिऊन फुगते, भित्तिका जाड आणि असमान होते. बाजेचे विणकाम ध्यानात घ्या: सुतळी कितीही जाड घेतली तरी गाठी मारल्या नाहीत तर बाज झोळते. टणक फळाची जाड साल हीच गोष्ट आहे. तिच्यातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, काहींच्या भित्तिका विरघळतात, पोकळ्या होतात आणि त्यात डिंक साठतो. भित्तिकेची छिद्रेही मोठी होतात. बोरॉन नसलेल्या पेशींत ती रुंद असतात आणि बोरॉन दिल्यावर आकसतात, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर मोजलेले आहे.

शिरांचे बुच हा झाडाचा पुढचा प्रतिसाद. कोवळी भित्तिका ढिली पडली की शिरेतल्या पेशींत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) वाढते, शीर लाकडासारखी होते, आणि पान अजून वाढत असताना ती ताणली जाऊन उभी चिरते. पान कडकन मोडते ते यामुळे. बिया वाया जातात त्याचे कारण वेगळ्या जागी, पण तेच: परागनलिका टोकाला सतत नवी पेक्टिनची भित्तिका घालत पुढे सरकते, आणि बोरॉन नसल्यास ती अर्ध्या वाटेत थांबते किंवा फुटते. एप्रिलमधल्या फळगळीचा मोठा वाटा इथून येतो. जिब्रेलिक ॲसिडने ती थांबली नाही यात नवल नाही.

ज्या मुळांनी बोरॉन घ्यायचा त्यांनाच आधी फटका बसतो, हे विसरू नये. बोरॉन तुटला की मुळाच्या टोकाची लांबण काही तासांत मंदावते आणि दिवसाभरात थांबू शकते.

इतर सूक्ष्म अन्नद्रव्यांचा भित्तिकेशी संबंध आहे, पण तो बहुतेक एन्झाइमांमार्फत. तांबे लॅकेज या एन्झाइममध्ये असते आणि लिग्निन जुळायला लागते, म्हणून तांबे कमी पडल्यास फांद्या वाकतात. मँगनीजही लिग्निनच्या वाटेवर लागते. जस्ताचा परिणाम मुख्यतः वाढीवर, पाने बारीक होण्यावर. भित्तिकेचा स्वतःचा भाग होऊन बसणारे सूक्ष्म अन्नद्रव्य बोरॉनच, आणि त्यामुळेच त्याचा तुटवडा सर्वात आधी कोवळ्या, वाढत्या भागात उघडा पडतो.

ताणाच्या दिवसांतच बोरॉन का तुटतो

मातीत बोरॉन मुख्यतः बोरिक ॲसिडच्या रूपात असतो, आणि मूळ तो पाण्याबरोबर ओढते. सामू (पीएच) ८ च्या वर गेला की त्यातला वाढता भाग बोरेट होतो आणि चिकणमाती व चुन्याच्या कणांना धरून बसतो. ही पकड सामू ९ च्या सुमारास सर्वात घट्ट असते. शिवाय झाडाला मिळू शकणारा बोरॉन बराचसा वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थात असतो. वरच्या पट्ट्यात सेंद्रिय पदार्थ कमी, चुनखडी जास्त, आणि डिसेंबर-जानेवारीत वरचा थर पूर्ण कोरडा. आंबिया बहारासाठी ताण हवाच, पण त्या ताणात बोरॉनची वाहतूकही बंद पडते.

नंतर पाणी मिळाल्यावर तो भरून निघत नाही का? निघतो, पण उशिरा. सफरचंदासारख्या झाडांत सॉर्बिटॉल ही साखर बोरॉनला धरून जुन्या पानांतून कोवळ्या भागाकडे नेते. संत्रा सुक्रोज वाहणारे झाड आहे. पानात एकदा बसलेला बोरॉन फारसा परत फिरत नाही. फूल आणि कोवळे फळ पानांइतके पाणी उडवत नाहीत, त्यामुळे मुळाकडून येणाऱ्या प्रवाहातही त्यांचा वाटा तोकडा. आणि सालीच्या पेशींची संख्या व त्यांच्या भित्तिका फूल उमलल्यानंतरच्या पहिल्या सहा ते नऊ आठवड्यांत ठरतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जो सांधा बसला नाही, तो सप्टेंबरात फवारून बसत नाही. या प्रकरणात आमच्या मते हीच सर्वात मोठी गोष्ट आहे: बोरॉन किती दिला यापेक्षा कोणत्या आठवड्यात दिला याला जास्त किंमत आहे.

हलक्या जमिनीत २५ ते ३० दिवसांचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत ४५ ते ६० दिवस लागतात. या बागेत एकाच व्हॉल्व्हवर दोन्ही जमिनी होत्या. भारी जमिनीच्या हिशेबाने पाणी तोडले गेले, आणि वरच्या पट्ट्याला जवळजवळ दुप्पट ताण बसला.

नमुना आणि चाचणी

पान चुकीचे घेतले तर अहवाल चुकतो. नागपुरी संत्र्यासाठी सहा ते आठ महिने वयाचे पान, फळ नसलेल्या फांदीच्या टोकापासून दुसरे ते चौथे, जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटर उंचीवरचे, झाडाच्या चारही बाजूंनी. फेब्रुवारीच्या नवतीची पाने ऑगस्ट-सप्टेंबरात या वयाची होतात. प्रत्येक पट्ट्यातून ५०-६० पाने, वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत. मातीचा नमुना ठिबकच्या ओल्या वर्तुळाच्या कडेवरून ० ते ३० सेंटीमीटर, आणि चुनखडी लागली तर तो थर वेगळा.

बोरॉनच्या बाबतीत दोन खास चुका होतात. पहिली, पाने घरातल्या कपड्याच्या पावडरने धुणे. काही धुण्याच्या पावडरींत बोरॉनचे क्षार असतात आणि अहवाल फुगतो. साधे पाणी, सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग ऊर्ध्वपातित पाणी, एवढेच वापरावे. दुसरी, प्रयोगशाळेतली काच. नेहमीची उष्णतारोधक काच बोरोसिलिकेट असते आणि गरम पाण्यात बोरॉन सोडते. गरम पाण्यात विरघळणारा बोरॉन काढताना क्वार्ट्झ किंवा कमी बोरॉनची काच आहे का, हे प्रयोगशाळेला आधीच विचारावे. रंग ॲझोमेथिन-एच वापरून ४२० नॅनोमीटरला वाचतात. ती पद्धत चांगली आहे, काच चुकली नाही तर.

अहवाल असा आला. वरचा पट्टा: सामू ८.३, मुक्त चुना १४ टक्के, गरम पाण्यात विरघळणारा बोरॉन किलोमागे ०.३८ मिलिग्रॅम, पानातला बोरॉन १८ पीपीएम (दशलक्षात १८ भाग). खालचा भाग: सामू ७.८, मुक्त चुना ५ टक्के, मातीतला बोरॉन ०.७१, पानातला ३९. मातीसाठी ०.५ ही किमान मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात. पानासाठी फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांचे मापदंड वापरले: २० पीपीएमखाली कमतरता, ३६ ते १०० योग्य, २०० च्या वर घातक. जस्त दोन्ही भागांत १५-१७ पीपीएम, म्हणजे कमी. त्यासाठी वेगळी फवारणी ठरली.

विहिरीचे पाणीही तपासले. लिंबूवर्गीय झाडे जादा बोरॉनला फार नाजूक. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅमच्या वर बोरॉन गेला तर त्रास सुरू होतो. इथे ०.१ होता. ही चाचणी न करता बोरॉन देऊ नये.

उपचार

फक्त वरच्या ७० झाडांना. आधी पाण्याची सोय: वरच्या पट्ट्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवला, ताण २५ दिवसांवर आणला, आणि ताण मोडताना पहिले पाणी हलके, मग चार-पाच दिवसांच्या अंतराने वाढवत नेले. ताणाआधी सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढून आळ्यात कुजलेले शेणखत आणि वर सोयाबीनच्या कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) तीन-चार इंच थर दिला, म्हणजे वरचा थर अगदीच कोरडा पडत नाही.

पहिली फवारणी नवतीबरोबर कळ्या दिसू लागल्यावर, फुले उमलण्याआधी. बोरिक ॲसिड ०.१ टक्का, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. झाडाला ८ लिटर धरून ७० झाडांना ५६० लिटर पाणी आणि ५६० ग्रॅम बोरिक ॲसिड. बोरिक ॲसिडमध्ये बोरॉन १७.५ टक्के, त्यामुळे द्रावणात बोरॉन सुमारे १७५ पीपीएम. थंड पाण्यात ते सावकाश विरघळते, म्हणून आधी १५ लिटर कोमट पाण्यात काठीने ढवळून स्वच्छ झाल्यावरच टाकीत ओतायचे. तळाशी कण राहिले तर नोझल तुंबते आणि काही झाडांना दुप्पट मात्रा जाते. दुसरी फवारणी पाकळ्या झडून फळ ज्वारीएवढे झाले की, त्याच मात्रेने. तिसरी चार आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, सकाळी आठच्या आत. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात दुपारी फवारले तर पानांच्या कडा करपतात. फुले पूर्ण उमललेली असताना फवारणी टाळली, मधमाश्यांसाठी.

जमिनीतून बोरॅक्स झाडाला ५० ग्रॅम, दोन हप्त्यांत: २५ ग्रॅम जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, २५ ग्रॅम सप्टेंबरात. ७० झाडांना साडेतीन किलो, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम बोरॉन. प्रत्येक हप्ता पाच किलो शेणखतात मिसळून फांद्यांच्या टोकाखालच्या वर्तुळात पसरला, बुंध्यापासून तीन फूट लांब. जमिनीतला बोरॉन यंदाच्या फळासाठी नसतो. चुनखडीच्या जमिनीत त्याचा परिणाम पुढच्या बहारात दिसतो.

खालच्या भागात बोरॉन दिलाच नाही. तिथे ऑगस्टच्या उघडिपीत दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडे ठिबक चालू ठेवले आणि दोन ओळींआड पाणी काढणारा चर केला. सप्टेंबरातले तडकणे यानेच कमी झाले.

कुठे कुठे चुकते

ग्रेड-२ चा हिशेब पाहा. महाराष्ट्रातल्या फवारणीच्या ग्रेड-२ मध्ये बोरॉन ०.५ टक्का. लिटरला ५ मिली घेतले तरी द्रावणात बोरॉन २५ पीपीएमच्या आसपास, म्हणजे बोरिक ॲसिडच्या फवारणीच्या सातव्या भागाएवढा. त्यातही ती फवारणी जूनमध्ये झाली होती, साल बनून गेल्यावर. ग्रेड-२ वाईट नाही. तुटवडा नसलेल्या बागेत ते पुरते. १८ पीपीएमच्या झाडाला नाही.

बोरॅक्स, बोरिक ॲसिड आणि २० टक्के बोरॉनचे विद्राव्य खत एकमेकांच्या जागी त्याच वजनाने वापरणे ही दुसरी चूक. बोरॅक्समध्ये बोरॉन सुमारे ११ टक्के, बोरिक ॲसिडमध्ये १७.५, विद्राव्य खतात २०. बोरॅक्सची मात्रा ऐकून तेवढेच २० टक्क्यांचे खत टाकले तर बोरॉन जवळजवळ दुप्पट जातो. मूठ आणि झाकण यांनी मोजण्याची ही वस्तू नाही. साधा डिजिटल काटा हवा.

ठिबकमधून बोरॉन सोडणे आम्ही टाळायला सांगतो. ड्रिपरखालच्या ओल्या गोळ्यात सगळा बोरॉन आणि तिथेच सगळी कोवळी मुळे. जादा झाल्याची खूण पानाच्या टोकाशी पिवळेपणा, मग कड करपणे आणि पानाच्या खालच्या बाजूला डिंकाचे बारीक तपकिरी ठिपके. कमतरतेतही डिंक, जादा झाल्यावरही डिंक, त्यामुळे घाबरून पुन्हा बोरॉन फवारला जातो. पानाची खालची बाजू बघितल्याशिवाय दुसरा डोस नको.

मिश्रणात बोरॅक्स अल्कधर्मी असल्याने जस्ताच्या सल्फेटबरोबर गाळ धरतो आणि काही कीटकनाशके निकामी करतो. बोरिक ॲसिड तुलनेने सोपे, पण कॅल्शियम नायट्रेट आणि बोर्डोबरोबर तेही मिसळू नये. जस्ताची फवारणी, ०.५ टक्के झिंक सल्फेट आणि निम्मा चुना, आठ दिवसांच्या अंतराने वेगळी केली.

पुढच्या वर्षी

जुन्या पानांच्या चिरलेल्या शिरा तशाच राहिल्या, आणि त्या तशाच राहणार. त्यावरून उपचाराचा निकाल काढू नये. नवीन नवतीची पाने आणि एप्रिलमध्ये कापलेली कोवळी फळे बघावीत. बोराएवढे फळ आडवे कापून पांढऱ्या थरात ठिपके आहेत का, हे सप्टेंबरची वाट न पाहता कळते. बहुतेक झाडांवर ते दिसले नाहीत आणि बिया भरल्या होत्या.

सप्टेंबरात त्याच रीतीने पाने घेतली. शेवटची फवारणी एप्रिलची होती आणि सहा-सात महिन्यांच्या पानांना त्या फवारण्यांचा थर लागलेला असू शकतो, म्हणून आम्लाने धुणे यावेळी अधिक काळजीने केले. पट्ट्याची सरासरी ३४ पीपीएम आली. त्यानुसार जमिनीतला बोरॅक्स त्या वर्षी थांबवला आणि कळीच्या व ज्वारीएवढ्या फळाच्या दोन फवारण्या तेवढ्या चालू ठेवल्या.

सर्वात वरच्या दोन ओळी मात्र २४ वरच अडकल्या. तिथे चुनखडीचा थर एका फुटाच्या आत आहे, मुळे उथळ पसरलेली, आणि जमिनीत टाकलेला बोरॉन त्या थरातच धरला जातो. या १८ झाडांना जमिनीतून आणखी देण्यात अर्थ नाही. त्यांना तिसरी फवारणी कायम, आळ्यात कुटार वर्षभर, आणि ताण २० दिवसांच्या वर जाऊ द्यायचा नाही. फूल थोडे कमी आले तरी चालेल.